जुन्या वळणाचे आरपीजी गेम नव्या कन्सोलवर: कुठून सुरू करायचं, कसं खेळायचं

आमचं सांगलीत मार्केट यार्डात हळदीचं अडत दुकान आहे. सौद्याचा सीझन सुरू झाला की घरी यायला रात्रीचे नऊ, मग जेवण, मग पोरीला झोपवायचं, आणि उरला तर एक तास माझा. ह्या तासात भाच्यानं लावून दिलेले बंदुकीचे गेम खेळून बघितले. दोन मिनिटांत मागनं कुणीतरी येऊन मारतंय, परत पहिल्यापासून, आणि मध्येच आतनं हाक आली तर थांबवायची सोय नाही कारण ऑनलाईन. शेवटी जुन्या ढंगाचे आरपीजी, म्हणजे रोल प्लेइंग गेम, सापडले आणि मी तिथंच राहिलो. त्यातला राक्षस तुमचा नंबर असला की नुसता उभा राहतो. तुम्ही चहा टाकून या, दार उघडून या, पोरीला पाणी देऊन या, तो आहे तिथंच आहे. भाचा शेजारी बसून ओरडत होता, "मामा, मारा की, तो नुसता उभाय!" म्हटलं, अरे तो माझ्यासाठीच थांबलाय.

हे लिहायचं कारण म्हणजे ओळखीतले तीन-चार जण विचारतायत की सुरुवात कुठून करायची, आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगून कंटाळा आला. सगळं एकदाच लिहून टाकतो, जरा लांब होईल.

आधी हे नक्की काय प्रकरण आहे

तीन-चार जणांची टोळी घेऊन तुम्ही गावोगाव फिरता, माणसांशी बोलता, हत्यारं घेता, रानात राक्षस भेटतात, लढाई आळीपाळीनं होते, त्यातनं अनुभवाचे पॉइंट मिळून लेव्हल वाढते. झालं, एवढंच. जपानमध्ये १९८६ साली ड्रॅगन क्वेस्ट आला, युजी होरी यांचा, त्यानं हा साचा घरोघरी पोचवला, आणि १९८७ च्या डिसेंबरात हिरोनोबू साकागुची यांचा पहिला फायनल फॅन्टसी. त्याच्याही आधी अमेरिकेत कॉम्प्युटरवर विझर्ड्री आणि अल्टिमा होते, दोन्ही १९८१ चे, होरी ते खेळूनच ह्या नादाला लागले.

पहिला ड्रॅगन क्वेस्ट अख्खा ६४ केबीचा होता. सकाळी व्हॉट्सॲपवर 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटो येतो ना, तो बहुतेक वेळा ह्याहून मोठा असतो. म्हणून तर गावातला माणूस दहा वेळा विचारलं तरी एकच वाक्य बोलतो, म्हणून राक्षसाचं तेच चित्र नुसता रंग बदलून परत येतं. जागाच नव्हती. ह्या अडचणीतनं जी पद्धत बसली, म्हणजे थोडक्यात सांगायचं आणि बाकीचं खेळणाऱ्याच्या डोक्यावर सोडायचं, ती जागा मुबलक झाल्यावरही लोकांना आवडतीच राहिली.

एक गंमत म्हणजे आपल्यासाठी हे बालपणाच्या आठवणीतलं नाहीच. नव्वदच्या दशकात आपण टीव्हीला जोडायचा तो गेम आणला, कॅसेटवर ९९९९ इन १ लिहिलेलं असायचं, आत कॉन्ट्रा, मारिओ आणि बदकं मारायचा गेम एवढंच फिरून फिरून. आरपीजी त्यात कुठं बघितल्याचं मला तरी आठवत नाही. त्यामुळं आपल्याकडचा माणूस हा गेम आवडला म्हणतो तेव्हा तो जुन्या दिवसांना कवटाळत नसतो, त्याला ते पहिल्यांदाच दिसत असतं.

मशीन कुठलं घ्यायचं

घरात पीएस४, पीएस५ (म्हणजे प्लेस्टेशन) किंवा एक्सबॉक्स असेल तर नवीन काही घेऊ नका, ह्या प्रकारातले बरेचसे गेम तिथं आहेत. पीएस५ वर पीएस४ चे जवळपास सगळे गेम चालतात. एक्सबॉक्सची एक जमेची बाजू म्हणजे जुन्या एक्सबॉक्स ३६० वरचा लॉस्ट ओडिसी, साकागुचींचाच, २००७ चा, तो आजच्या एक्सबॉक्सवर चालतो.

पण माझं मत विचाराल तर ह्या प्रकाराला निन्टेन्डोच्या स्विचसारखं, हातात धरूनही आणि टीव्हीवरही खेळता येणारं, दुसरं मशीन नाही, आणि त्याचं कारण लाईट. मी आधी पीएस४ वर सातवा फायनल फॅन्टसी खेळत होतो, १९९७ चा मूळ गेम, तीन सीडींवर यायचा तो. त्यात शिन्रा नावाच्या कंपनीची एक उंच बिल्डिंग आहे. पुढच्या दारानं जायचं की मागच्या जिन्यानं असं विचारतात, मी शहाणपणा करून जिना घेतला. एकोणसाठाव्या मजल्यापर्यंत जिना! वाटेत माझ्या टोळीतली पोरं एकमेकांवर वैतागतायत, मी हसतोय, वर पोचलो, थोडं पुढं गेलो आणि बाहेर वळीव सुरू झाला. एक वीज कडाडली आणि लाईट गेली. शेवटचं सेव्ह कधी केलं होतं ते आठवायला लागलो तर आठवेना, कारण वाटेत सेव्हची जागा दिसली तरी 'पुढं करू' म्हणून मी सोडली होती. परत जिना. दुसऱ्या वेळेला ती पोरं काय बोलतायत त्यात मला काडीचा रस नव्हता.

स्विचला स्वतःची बॅटरी आहे, २०१९ नंतरच्या सुधारित मॉडेलला गेमनुसार साडेचार ते नऊ तास. लाईट गेली तरी हातात घेऊन खेळत राहायचं. पीएस किंवा एक्सबॉक्सच असेल तर टीव्ही आणि कन्सोल इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, वायरमनला आधी लोड विचारून. आणि पीएसच्या रेस्ट मोडवर भरवसा ठेवू नका, लाईट गेली की झोपवून ठेवलेला गेमही जातो. आधी गेममध्ये सेव्ह, मग रेस्ट मोड.

स्विचची अडचण अशी की निन्टेन्डो आपल्याकडं तो अधिकृतपणे विकत नाही, बाहेरनं आलेले पीस दुकानात मिळतात आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. मी सेकंडहॅन्ड घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, पण घरी आणून लावला तर माझा हिरो आपला आपण डावीकडं चालत निघाला. कंट्रोलरची काठी गेली होती. म्हणून घेताना दुकानातच तीन गोष्टी करा. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही काठ्या तपासा, हात न लावता खूण मध्यभागी स्थिर राहिली पाहिजे. ऑनलाईन दुकान म्हणजे ईशॉप उघडून बघा, कारण पायरसीसाठी छेडछाड झालेलं मशीन कंपनीनं ब्लॉक केलेलं असू शकतं आणि ते नुसतं बघून कळत नाही. आणि चार्जर लावून डॉकमधनं, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खाचेतनं, टीव्हीवर चित्र येतंय का ते बघा.

गेम घेताना शक्यतो कार्ट्रिज, म्हणजे गेमचं छोटं कार्ड, घ्या. स्विचच्या कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, आणि खेळून झालं की विकताही येते. स्विच २ साठी घेताना मात्र बॉक्स नीट वाचा, काहींच्या आत नुसती किल्ली असते, गेम डाउनलोडच करावा लागतो.

पहिला गेम

इथं लोक चुकतात. 'पहिल्यापासून सुरू करतो' म्हणून फायनल फॅन्टसीचा १९८७ चा पहिला भाग लावतात आणि दोन दिवसांत सोडून देतात. मालिकेचे नंबर बघू नका, फायनल फॅन्टसीच्या प्रत्येक मुख्य भागाची गोष्ट वेगळी असते.

माझी शिफारस ड्रॅगन क्वेस्ट ११ एस. साचा जुना, अंग नवं, आणि त्याचा फुकट डेमो तब्बल दहा तासांपर्यंतचा आहे, त्यातलं सेव्ह पुढं पूर्ण गेममध्ये चालतं. म्हणजे पैसे देण्याआधी तुम्हाला आठवडाभर कळतं की हे आपलं काम आहे का नाही. त्यात थ्रीडीतनं जुन्या टूडी चित्रात जाण्याचीही सोय आहे. आणि बऱ्याच गावांची बोली वेगळी केलीय, होट्टो नावाच्या गावात तर माणसं हायकूत बोलतात. सांगलीतनं मिरजेला गेलं तरी बोलण्याचा हेल बदलतो हे ज्याला माहितीय त्याला हे लगेच पटेल.

दुसरी शिफारस ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर २, २०२३ चा. हा दिसतो कसा ते सांगायला मला एकच उदाहरण सापडतं, दिवाळीचा किल्ला. मातीचा डोंगर, खरं वाटेल असं पाणी, मागनं सोडलेला बल्ब, आणि त्यात ठेवलेले ते बोटभर उंचीचे मावळे. माणसं ठिपक्याठिपक्यांची सपाट, पण उजेड, धुकं, सावली सगळं खोलीतलं. ह्या पद्धतीला एचडी-टूडी म्हणतात, २०१८ च्या पहिल्या ऑक्टोपॅथपासून सुरू झाली. ह्याचाही डेमो आहे, तीन तासांचा.

खरोखर जुनंच हवं असेल तर फायनल फॅन्टसी पिक्सेल रीमास्टर, पहिले सहा भाग, स्विच आणि पीएस४ वर २०२३ ला आले, एक्सबॉक्सवर २०२४ ला. त्यातनं सहावा घ्या, मूळ १९९४ चा. ड्रॅगन क्वेस्टचा एचडी-टूडी तिसरा भाग २०२४ ला आला आणि पहिला-दुसरा २०२५ ला, हा क्रम मुद्दाम आहे कारण गोष्टीत तिसरा भाग आधी घडतो, तोच आधी खेळा. सी ऑफ स्टार्स आणि चेन्ड एकोज हे जुन्या वळणाचे पण नव्या लोकांनी केलेले. चेन्ड एकोज तर मुख्यतः एकाच जर्मन माणसानं वर्षानुवर्षं बसून केलाय, मला विश्वास बसला नव्हता.

सुरू करायच्या आधी सेटिंग

हे सगळे गेम वाचायचे आहेत, मराठी-हिंदी नाही, इंग्रजीत वाचावं लागतं. पहिल्या रात्री मजकुराचा वेग कमी ठेवा, आठवड्यात सवय होते. पिक्सेल रीमास्टरमध्ये अक्षरांचे दोन प्रकार आहेत, जुनं ठोकळ्यांचं आणि नवं, चष्मा असेल तर मुकाट्यानं नवं घ्या.

लढाईचा वेग मात्र वाढवा. जुने गेम रटाळ वाटतात ते निम्मं ह्यामुळं. ड्रॅगन क्वेस्ट ३ मध्ये तीन वेग आहेत, सातव्या फायनल फॅन्टसीच्या नव्या कन्सोलवरच्या आवृत्तीत तिप्पट वेग आहे. पिक्सेल रीमास्टरमध्ये अचानक येणाऱ्या लढाया बंद करता येतात, अनुभवाचे पॉइंट चौपट करता येतात. ही चीटिंग नाही. पण पहिल्या दिवशी चौपट लावू नका, नाहीतर राक्षस फुंकरीनं मरतात आणि मग गेम कशासाठी खेळतोय तेच कळत नाही. रस्ता हरवला तेव्हा लढाया बंद, एवढा वापर पुरे.

पहिले दोन तास

गावात शिरलात की सगळ्यांशी बोला. खरंच सगळ्यांशी, म्हाताऱ्या-पोरांसकट. पुढच्या गुहेत काय आहे, कुठला राक्षस विस्तवाला भितो, हे कुणीतरी बोलता बोलता सांगून जातं. मग दुकान. पैसे कमी असतात तेव्हा आधी मारणाऱ्याचं हत्यार, मग औषध म्हणजे पाला-बिला जे काय असेल ते, चिलखत शेवटी. मग धर्मशाळा म्हणजे इन, एक रात्र झोपलं की सगळे टवटवीत. ड्रॅगन क्वेस्टात सेव्ह करायला चर्चमध्ये पाद्रीबाबाकडं जावं लागतं, तिथं जाऊन हजेरी लावायची. ऑटोसेव्ह आहे म्हणून निवांत राहू नका, एकोणसाठ मजले लक्षात ठेवा.

लढाई वाचायची कशी

एक लढाई जवळनं दाखवतो, ऑक्टोपॅथ २ मधली. आठ जणांतनं मी पहिला निवडला पार्टिशिओ, कारण तो व्यापारी. चांदीच्या खाणीच्या गावातला पोरगा, गरिबी संपवायची म्हणतोय. दिवसा लोकांकडनं वस्तू खरेदी करतो, रात्री माणसं कामावर घेतो. माझ्यासारख्या अडत्याला दुसरा कोण आवडणार.

समजा समोर मोठा राक्षस आहे. त्याच्या पायाशी ढालीचं चित्र आणि त्यात आकडा, समजा ६. शेजारी बंद चौकोन, म्हणजे तो कशाला भितो ते अजून माहिती नाही. पार्टिशिओनं भाला मारला, एक चौकोन उघडला, आकडा ५. बाण मारला, काही नाही. दुसऱ्यानं वीज टाकली, उघडला, ४. आता कळलं की भाला आणि वीज लागते. इथं घाईत सगळे जोर लावून मारत सुटतात आणि फसतात.

प्रत्येक फेरीला प्रत्येकाकडं एक बूस्ट पॉइंट जमतो, पाचपर्यंत साठतात, एका वेळी तीन खर्च करता येतात. तीन खर्च केले की साधा वार एकाऐवजी चार वेळा बसतो. म्हणजे ढाल ४ असताना भाल्यावर तीन पॉइंट लावले की एकाच खेळीत शून्य. ढाल फुटली की राक्षस ती फेरी आणि पुढची पूर्ण फेरी गप्प पडून, आणि तेवढ्यात मार जास्त लागतो. तेव्हा बाकी तिघांनी राखून ठेवलेले पॉइंट बाहेर काढायचे. ह्याला आमच्याकडं माल रोखून धरणं म्हणतात, भाव आला की सोडायचा. कुणाचा नंबर कधी हे वर पट्टीत दिसत असतं, ते बघितल्याशिवाय बटण दाबू नका, शंभरातल्या नव्वद हारी तिथल्या आहेत.

बाकी गेममध्ये नावं बदलतात, तर्क हाच. राक्षसाची कमजोरी शोधा, आपल्याला बळ देणारे आणि त्याला लुळं करणारे मंत्र वापरा, आणि औषध देणाऱ्याला जिवंत ठेवा. नवखा माणूस हे मंत्र बघतसुद्धा नाही, नुसता आग टाकत बसतो. दोन फेऱ्या तयारीत घालवल्या तर पुढच्या दहा वाचतात.

आणि औषधं वापरा हो. चांगलं औषध 'पुढं लागेल' म्हणून ठेवायचं आणि गेम संपला तरी बॅगेत तसंच, हा रोग सगळ्यांना आहे. आमच्या आईनं चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवलेत, तीस वर्षं झाली, पाहुणे स्टीलच्या पेल्यातच पिऊन जातात.

एका राक्षसाकडनं तीनदा हरलात तर लेव्हल वाढवायला रानात फिरायचं, पण अर्धा तास, जास्त नाही. अर्ध्या तासानं जमलं नाही तर चूक हत्यारात किंवा डावात आहे, लेव्हलमध्ये नाही. मग खुशाल इंटरनेटवर बघा, फक्त त्या राक्षसापुरतं, खाली वाचत गेलात तर गोष्ट फुटते.

वही ठेवा

मी दोनशे पानी वही केलीय. डाव्या पानावर गावं आणि कोण काय म्हणालं, उजव्या पानावर राक्षस. सुइकोडेनसारख्या गेममध्ये तर वहीशिवाय भागत नाही, त्यात १०८ जण गोळा करायचे असतात, दोन्ही भाग २०२५ ला नव्या कन्सोलवर आलेत. पहिल्या भागाचं सेव्ह दुसऱ्यात नेता येतं म्हणून क्रमानंच खेळा.

वही चुकून दुकानाच्या पिशवीतनं गेली होती. आण्णांनी गादीवर बसून उघडली, चष्मा वर केला, दोन पानं वाचली. "ही पार्टी कुठली? ढाल सहा, भाला लागतो, रात्री भेटतो म्हणे. आणि इथं लिहिलंय तीन हजार द्यायचे राहिले." ते एका गावात हत्यार घ्यायचं राहिलं होतं त्याचं होतं. मी म्हटलं, आण्णा, ते माझं आहे. "खात्यावर चढव मग," म्हणाले आणि वही परत दिली.

मोठा खंड पडला तर

हे गेम चाळीस, साठ, ऐंशी तासांचे. रोज तासभर म्हटलं तरी दीड ते तीन महिने, आणि मध्ये सीझन येतो, लग्नं येतात, पोरांच्या परीक्षा येतात. माझा खेळ दरवर्षी फेब्रुवारी ते मे जवळजवळ बंदच असतो. जूनमध्ये परत उघडलं की आपण कोण, कुठं निघालो होतो, काय कळत नाही आणि वाटतं पहिल्यापासून करावं. करू नका.

वहीचं शेवटचं पान वाचा. मेन्यूत सगळ्यांची हत्यारं आणि मंत्र एकदा बघा. मग सरळ पुढं न जाता मागच्या सोप्या रानात जाऊन सात-आठ लढाया करा, बटणं हाताला आठवतात. जवळच्या गावात जाऊन चार माणसांशी बोला, ती अजूनही तेच वाक्य बोलत असतात, आणि आता त्याचा खरा उपयोग होतो. सेव्हची जास्तीची एक फाइल वेगळ्या खान्यात करून ठेवा. एक्सबॉक्सवर क्लाउड सेव्ह फुकट आहे, प्लेस्टेशन आणि स्विचवर त्याला वर्गणी लागते, ती नसेल तर मशीन विकायच्या किंवा रीसेट करायच्या आधी दहा वेळा विचार करा.

भाचा मागच्या महिन्यात चार दिवस राहायला होता. रात्री पाणी प्यायला उठलो तर स्विच त्याच्या हातात, आवाज बंद, आणि माझी वही मांडीवर उघडी. म्हणाला, "मामा, ह्याच्यापुढं वीज लिहिलंय तुम्ही, पण वीज लागत नाय ह्याला." बघितलं तर खरंच, ओळ चुकली होती, वीज खालच्या राक्षसाची होती. तेवढी खोडून दुरुस्त केली.